पड किती वर्षांची?

‘पड’ आणि ‘पडीक’ हे दोन्ही शब्द ‘पडणे’ या क्रियापदातून आले. त्याचे मूळ संस्कृत ‘पत्’ धातूत आहे. न पेरता राहिलेले रान ते पड.

सरकारी दप्तरात या पडीचे वय मोजतात. चालू वर्षी पेरा झाला नाही तर ‘चालू पड’, १ ते ५ वर्षे झाला नाही तर ‘इतर पड’ आणि त्यापुढे गेली की ‘लागवडयोग्य पडीक’. ही मोजणी जुनीच. अकबरकालीन ‘ऐन-इ-अकबरी’त दरवर्षी पिकणारी पोलज, थोडा काळ विसावा घेणारी परौती, ३-४ वर्षे न कसलेली चाचर आणि ५ किंवा अधिक वर्षांची बंजर अशी प्रतवारी आहे.

सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ वेगळा: गटाच्या पोटातला खडक, नाला, रस्ता असा लागवडीबाहेरचा तुकडा.

काही पड तर मुद्दाम ठेवलेली असते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात खरिपात पेरत नाहीत. कुळवाच्या पाळ्या घालून तण मारतात, पावसाची ओल जमिनीत मुरवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच ओलीवर मालदांडी ज्वारी पेरतात. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.