सायकलींच्या वाटा आणि त्यांचे सांधे

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील केम हें माझें गांव. कुंकवासाठीं तें प्रसिद्ध आहे आणि त्याला आगगाडीचें स्टेशनही आहे. माझ्या लहानपणीं आमच्याकडील माल मोठ्या गाडीनें कुर्डुवाडीपर्यंत सुखानें जाई. परंतु ज्या मालाला पुढें बार्शी, लातूर किंवा पंढरपूर गांठावयाचें असे, त्याला तेथें उतरावें लागे. कारण तेथून बार्शी लाइट रेल्वेचा अवघ्या अडीच फूट रुंदीचा रूळ सुरू होई. 1897 सालीं सुरू झालेली ही धाकटी गाडी आपल्या परीनें उत्तम होती, आणि आमची थोरलीही उत्तम होती. उणें होतें तें त्या दोहोंच्या मध्यें. हमाली, खोळंबा, फाटलेलीं पोतीं, हा सगळा खर्च त्या सांध्याचा होता. दोन्हींकडचे रूळ एका मापाचे होण्यास चालू शतक उजाडावें लागलें.

या जुन्या गोष्टीची आठवण मला अलीकडे एका मोठ्या शहरांत माझ्या मुलीकडे गेलों असतां झाली. शहराचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. माझी नात अकरा वर्षांची आहे. तिची शाळा घरापासून सुमारें अडीच किलोमीटर दूर. घराजवळ रुंद सायकलमार्ग आहे, शाळेजवळही आहे. तरी ती रोज मोटारींतून जाते, याचें मला नवल वाटलें. एका रविवारीं सकाळीं आम्हीं दोघें तिची सायकल घेऊन निघालों. अर्धी वाट ती आनंदानें पुढें पुढें गेली. मग एका चौकाच्या तोंडाशीं सायकलमार्ग एकाएकीं संपला. पुढें बसगाड्या, रिक्षा आणि भरधाव मोटारी. ती खालीं उतरून म्हणाली, “आजोबा, इथून पुढें सायकल हातांत धरून जावें लागतें, आणि आई तेंही करूं देत नाहीं.” मीं पावलें मोजलीं. दुसऱ्या चौकापलीकडे मार्ग पुन्हां सुरू होईपर्यंत तीं सहाशें भरलीं. दोन किलोमीटरांहून अधिक मार्ग तयार असून माझ्या नातीच्या दृष्टीनें तो मुळीं नाहींच. त्या सहाशें पावलांनीं तो खाऊन टाकला आहे.

ही केवळ एका मुलीची अडचण नव्हे. हें साधें गणित आहे. समजा, एका सायकलमार्गावर पांच ठिकाणें आहेत: घर, शाळा, मंडई, दवाखाना आणि वाचनालय. त्यांतील कोणत्याही दोहोंमध्यें ये-जा करावयाची तर दहा जोड्या होतात. शहराच्या दुसऱ्या भागांत असाच पांच ठिकाणांचा दुसरा मार्ग असला, तर त्याच्याही दहा, एकूण वीस. आतां मधला तुकडा भरून हे दोन मार्ग एकत्र करा. ठिकाणें दहाच राहिलीं, परंतु जोड्या झाल्या पंचेचाळीस! म्हणजे एका लहानशा सांध्यानें पंचवीस नव्या वाटा उघडल्या. तीच रक्कम खर्चून एखाद्या मार्गाचें टोक थोडें लांबविलें असतें, तर इतका लाभ खचित झाला नसता.

हॉलंडमधील लोकांना हें अनुभवानें कळलें. 1970 नंतरच्या दशकांत तेथें हेग आणि टिलबर्ग या शहरांत प्रयोग म्हणून एकेक उत्तम सायकलरस्ता बांधण्यांत आला. त्यावर सायकलस्वार पुष्कळ आले, पण त्यांतील बरेच शेजारच्या रस्त्यांवरून तिकडे वळलेले होते. एकंदर शहरांत सायकलीचा वापर म्हणण्यासारखा वाढला नाहीं. मग पुढील दशकांत डेल्फ्ट शहरानें एका सुंदर रस्त्याऐवजीं जाळें विणण्याचें ठरविलें. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाणाऱ्या वाटा सुमारें 500 मीटर अंतरानें, विभागांतील वाटा दोनशें ते तीनशें मीटर अंतरानें, आणि आळीआळींतील वाटा शंभर मीटर अंतरानें, अशी ती योजना होती. जेथें कालवा किंवा लोहमार्ग आडवा येई, तेथें पूल अथवा बोगदा करण्यांत आला. इतरत्र बहुतेक जुने रस्तेच जोडून घेतले. त्या शहरांत सायकल आधींच पुष्कळ चाले, तरीही तिचा वापर वाढला. कोणी म्हणेल, तो देश सपाट आणि थंड, त्याचें उदाहरण आम्हांस काय होय? तर स्पेनमधील सेव्हिल पाहा. तेथील उन्हाळा सोलापूरकरांनाही ओळखीचा वाटेल. तेथें सायकल क्वचितच दिसे. 2006 पासून थोड्याच काळांत सुमारें 80 किलोमीटरांचें सलग जाळें एकदमच पुरें केल्यावर सायकलस्वारांची संख्या कित्येक पटींनीं वाढली.

आपल्याकडे या विषयांत पुण्याचें नांव प्रथम घ्यावें लागतें. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून त्याची ख्याति होती. 2006 च्या डिसेंबरांत कात्रज, स्वारगेट व हडपसर यांस जोडणारा बसचा स्वतंत्र मार्ग तेथें सुरू झाला, आणि त्याच्या कडेनें सायकलमार्गही आंखले गेले. पुढें इतर रस्त्यांवरही असे तुकडे झाले. परंतु वाट कोठें बसथांब्याशीं अडे, कोठें झाडाशीं, कोठें उभ्या केलेल्या दुचाकींशीं, आणि चौकांत तर बहुधा लुप्त होई. म्हणूनच 2017 च्या डिसेंबरांत महापालिकेनें मंजूर केलेल्या सर्वंकष सायकल आराखड्यांत आठशें किलोमीटरांहून मोठें जाळें कल्पिलेलें आहे. तुकड्यांचा विचार सोडून साऱ्या शहराचा विचार झाला, ही त्यांतील मोलाची गोष्ट. मात्र कागदावरील रेघ चौकांत तुटत नाहीं, रस्त्यावरील तुटते.

मग सांधा कसा जुळवावा? सर्वत्र निराळा मार्ग बांधावा लागतो, असें नाहीं. अरुंद गल्लींत मोटारींचा वेग ताशीं 30 किलोमीटरांवर आणला कीं पुष्कळ काम होतें. पन्नासच्या वेगानें येणाऱ्या मोटारीच्या अंगीं तीसच्या मानानें जवळजवळ पावणेतीनपट धडकेचा जोर असतो. कारण हा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. चौकांत सायकलींची वाट पदपथाच्या उंचीइतकी उचलून घ्यावी, म्हणजे वळणारी मोटार आपोआप मंदावते. सायकलस्वारांना थांबण्याची रेघ मोटारींच्या पुढें द्यावी, आणि दिवा त्यांच्यासाठीं कांहीं क्षण आधीं हिरवा व्हावा. जेथें कालव्याचा कांठ मोकळा असेल, तेथें त्याचा उपयोग करावा. खडकवासल्याचा मुठा कालवा पुणें शहरांतून हडपसरकडे जातो. अशी सलग रेघ नव्यानें आंखावयाची म्हटली तर किती घरें पाडावीं लागतील, याचा विचार करावा.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो. सायकलवाले आहेतच किती, कीं त्यांच्यासाठीं चौक बदलावे? मी उभा जन्म शिक्षक होतों. ज्या वाडीस शाळा नाहीं, तेथें शाळेंत जाणारीं मुलें किती, असें विचारलें तर उत्तर शून्यच येणार. म्हणून तेथें शाळा नको, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. माझी नात आज कोणत्याही मोजणींत सायकलस्वार म्हणून धरली जाणार नाहीं; आणि तिच्या वर्गांतल्या मुलीही नाहींत.

श्रोतेहो, आपण शहरांत राहतां. पुढल्या रविवारीं आपल्या घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत एकदां सावकाश चालून पाहा. सायकलीची वाट कोठें कोठें तुटते, त्याच्या खुणा एका कागदावर करा. तुटलेलीं पावलें मोजा. आणि तो कागद आपल्या प्रभागाच्या कार्यालयांत नेऊन द्या. नवा मार्ग मागण्यापूर्वीं जुन्यांचे सांधे मागा. कुर्डुवाडीचा सांधा जुळण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. तोंवर पोतीं थांबून राहिलीं, तीं थांबूं शकत होतीं. अकरा वर्षांची मुलगी मात्र थांबत नाहीं. ती मोठी होते, आणि सायकल अंगणांत गंजत राहते.