चार फूट लांबी की अर्धा फूट रुंदी?

अमेरिकेतले मिनेसोटा राज्य म्हणजे तळ्यांचा मुलूख. तिथल्या अँब्रोस वीरेस या शेतकऱ्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी पोलादी पिंपे जोडून दोन लांब नळ्या केल्या आणि त्यांवर लाकडी फळ्यांचा मंच चढवला. त्या तराफ्याची आजची पाँटून बोट झाली आहे. नळ्या आता ॲल्युमिनियमच्या असतात, वर सोफे आणि छत असते. ती घ्यायला निघालेल्या कुटुंबापुढचा प्रश्न मात्र ठरलेला: अठरा फुटी घ्यावी की बावीस फुटी?

दोन फूट व्यासाची नळी अर्धी बुडाली की मीटरमागे सुमारे १४५ किलो पाणी बाजूला सारते आणि तेवढेच वजन पेलते. या हिशेबाने अठरा फुटी जोडी सुमारे १,६०० किलो उचलते, बावीस फुटी १,९५० किलो. फरक साडेतीनशे किलोंचा. पण मोठा सांगाडा, जास्तीचे सोफे आणि जड इंजिन त्यातला बराच वाटा आधीच खाऊन टाकतात. चार फूट वाढले म्हणजे चार माणसे वाढली, असे नाही.

हिशेब अर्ध्या नळीचाच का? गोल नळी मधोमध सर्वांत रुंद असते. पाणी त्या मध्याच्या वर चढले की पृष्ठभागावरचा पट्टा अरुंद होत जातो आणि पुढचा प्रत्येक किलो बोटीला आधीपेक्षा जास्त खाली दाबतो.

आता तोल. एसटीत उभा असलेला माणूस पाय फाकवून उभा राहतो, तेच इथे. स्थिरता लांबीच्या पटीत वाढते, पण दोन नळ्यांच्या मध्यांमधल्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. अठराची बावीस फूट केली तर सुमारे २२ टक्के वाढ. आठ फूट रुंदीची साडेआठ केली, तर दोन फुटी नळ्यांच्या मध्यांमधले अंतर सहाचे साडेसहा फूट होते, म्हणजे अर्ध्या फुटातच १७ टक्के! मधली तिसरी नळी वजन उचलते. तोलाला तिचा उपयोग फारच थोडा.

हा हिशेब चुकला की काय होते? ६ मार्च २००४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात 'लेडी डी' ही छत्तीस फुटी पाँटून बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. २५ जण होते, पाच गेले. परवान्यातली माणसांची संख्या माणशी अवघे साडेत्रेसष्ट किलो वजन धरून ठरलेली होती. पुढे अमेरिकी तटरक्षक दलाने हा आकडा ८४ किलोंवर नेला.

माझे मत विचाराल, तर घरात सहाजण असतील आणि तळे लहान असेल, तर रुंद अठरा फुटी पुरते. दहाजण नेहमीच येणार असतील तर बावीस फुटीच घ्या. बोट कोणतीही असो, तिच्या क्षमतेच्या पाटीवरची माणसे मोजून थांबू नका, किलो वाचा. सगळ्यांना एकाच कठड्याशी गर्दी करू देऊ नका, आणि प्रत्येक मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट बोटीच्या आधी विकत घ्या.