निलगिरीच्या पानावर गाठी दिसतात? पाठीवर पंप घेण्याआधी हे वाचा

चंद्रपूर : धान करणाऱ्या माणसाला गादमाशी काय असते ते सांगावं लागत नाही. पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ होतो, त्याला लोंबी येत नाही आणि अळी आत बसलेली असल्यामुळे वरची फवारणी वाया जाते. निलगिरीवरही असंच काम करणारी एक परदेशी माशी आपल्या देशात येऊन वीस वर्षांच्या वर झाली. धुऱ्यावर किंवा पडीत वावरात निलगिरी लावणाऱ्यांनी ती ओळखून घेतली पाहिजे. कारण बहुतेक वेळा आपणच ती पैसे देऊन घरी आणतो.

मी स्वतः तशीच आणली. धुऱ्यावर लावायला एका नर्सरीतून दोनशे रोपं घेतली. काही रोपांच्या पानाच्या शिरेवर बारीक फुगवटे होते. विचारलं तर उत्तर मिळालं, "काही नाही होत भाऊ, पाणी आलं का सुधारते." पाणी आलं, पण रोपं सुधारली नाहीत. शेंडे वाकडे झाले, पानं मुरडली आणि बरीच रोपं गुडघ्याच्या वर गेलीच नाहीत. दोनदा फवारणी केली, तो खर्चही पाण्यात गेला. नंतर माहिती घेतली, तीच इथं देतो आहे.

माशी कोणती, आली कुठून?

शास्त्रीय नाव लेप्टोसायबी इनव्हेजा. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, पण माणसाला चावत नाही. लांबी जेमतेम सव्वा मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या दाण्याच्या अर्ध्याहून कमी. रंग काळपट, त्यावर निळी-हिरवी चमक. निलगिरीसारखीच तीही मूळची ऑस्ट्रेलियाची. सन २००० च्या सुमारास ती इस्रायल आणि आसपासच्या देशांत दिसली. भारतात २००१ मध्ये कर्नाटकातल्या मंड्या भागात पहिल्यांदा आढळली. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं ते २००४ मध्ये. तोवर ती दक्षिणेत पसरायला लागली होती आणि पुढं उत्तरेकडच्या राज्यांपर्यंत गेली.

एवढ्या वेगानं पसरण्याचं एक कारण म्हणजे या माशीच्या मादीला अंडी घालायला बहुधा नराची गरजच पडत नाही. एक मादी नव्या ठिकाणी पोचली तरी पुरते. आणि तिला लांब पोचवायला गाडीत भरलेली रोपं आहेतच.

गाठ कशी ओळखायची?

मादी कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेत, देठात आणि कोवळ्या फांदीत अंडी घालते. तिथं आधी खरखरीत डाग दिसतो, मग गाठ फुगते. गाठ सुरुवातीला हिरवी, नंतर गुलाबी, पुढं लाल आणि शेवटी तपकिरी होते. तपकिरी गाठीवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली तर माशी बाहेर पडली असं समजा. अंड्यापासून माशी निघेपर्यंत इस्रायलमधल्या नोंदीप्रमाणे सरासरी १३२ दिवस लागतात. उष्ण हवेत हा काळ कमी होतो.

जास्त नुकसान नर्सरीतल्या रोपांचं, पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या झाडांचं आणि तोडणीनंतर खुंटावर येणाऱ्या फुटव्याचं होतं. मोठं झाड सहसा मरत नाही, पण वाढ मार खाते. निलगिरीची तोडणी चार-पाच वर्षांनी येते. सुरुवातीचं वर्ष खुंटलं तर पैसा तेवढा लांबतो आणि लाकूडही कमी भरतं.

एक गोष्ट मात्र दिलाशाची. ही माशी निलगिरीवरच जगते. धान, कापूस, तूर यांच्यावर ती जात नाही. करंजाच्या पानावर दिसणाऱ्या गाठी वेगळ्या किडीच्या असतात, त्यांचा हिच्याशी संबंध नाही.

फवारणी का लागू पडत नाही?

अळी गाठीच्या आत असते, औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत आपला पंपही पोचत नाही. उलट त्या औषधानं आपल्या कामाचे कीटक मरतात. कापसाच्या बोंडअळीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो, तसाच उपाय इथं झाला. ऑस्ट्रेलियातलीच दुसरी एक बारीक माशी आहे, क्वाड्रास्टिकस मेंडेली. तिची अळी गाठीतल्या अळीला खाऊन वाढते. शास्त्रज्ञांनी ती इस्रायलहून आणून दक्षिणेत सोडली. याशिवाय आपल्याकडचे काही कीटकही या गाठींवर जगताना कर्नाटकात सापडले. म्हणून सरसकट फवारणी करणं म्हणजे फुकट काम करणाऱ्या मजुराला हाकलून लावणं.

रोपं घेताना काय पाहायचं?

१. वरून गठ्ठा पाहून रोपं घेऊ नका. शेंड्याची पानं उलटून मधली शीर आणि देठ बोटानं चाचपा.

२. थोड्या रोपांवर जरी गाठी असल्या तरी त्या वाफ्यातली रोपं आणू नका. बाकीच्या रोपांत अंडी असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

३. आणलेली रोपं लगेच लावू नका. पंधरा-वीस दिवस जुन्या निलगिरीपासून दूर ठेवून रोज पाहा.

४. जात किंवा क्लोन कोणता ते विचारून लिहून ठेवा. काही क्लोन या माशीला लवकर बळी पडतात, काही तग धरतात. सगळं वावर एकाच क्लोननं भरू नका.

५. गाठी असलेले शेंडे हिरवे असतानाच तोडून जाळा. उकिरड्यावर टाकले तर पिकलेल्या गाठीतून माशी तरीही बाहेर पडते.

६. गाठीचा जवळून फोटो काढून तालुका कृषी कार्यालयाला किंवा सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. औषध दुकानदाराकडं त्यानंतर जा.

माझ्या दोनशेपैकी जास्त खराब झालेली रोपं मी उपटून जाळली. उरलेली हळूहळू वर येत आहेत, पण एक वर्ष गेलं ते गेलंच. नर्सरीत पाच मिनिटं पानं उलटून पाहिली असती तर ते वाचलं असतं.