फौजा अनेक, खजिना एक

हल्ली घरोघरी मुलं संगणकावर राज्य वसवण्याचे खेळ खेळतात. काल्पनिक राजा व्हायचं, मुलूख जिंकायचा, चार दिशांना चार फौजा धाडायच्या. थोड्याच वेळात खजिन्याचा आकडा घसरू लागतो. फौज वाढवावी तर उत्पन्न पुरत नाही, कमी करावी तर मुलूख जातो. हे कोडं खेळापुरतं नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, भीमेच्या काठी, खुद्द औरंगजेबाला ते सुटलं नव्हतं.

मंगळवेढा तालुक्यात माचणूरशेजारी ब्रह्मपुरी आहे. १६९५ ते १६९९ बादशहाची मुख्य छावणी तिथे होती. गावाचं नाव त्यानं इस्लामपुरी ठेवलं. इथून हलणाऱ्या फौजा पार तमिळ मुलखातल्या जिंजीपर्यंत लढत होत्या. १६९५ मध्येच, छावणी कृष्णाकाठी गलगलीला असताना, जेमेली करेरी या इटालियन प्रवाशानं ती पाहिली. तिच्यात सुमारे पाच लाख माणसं असल्याचं तो लिहितो. म्हणजे एक फिरतं शहरच!

या साऱ्यांचा खर्च चालायचा कसा? मोगली सरदाराला बहुधा रोख पगाराऐवजी जहागीर मिळे. त्या गावांच्या वसुलातून त्यानं ठरलेले घोडेस्वार बाळगायचे. कागदावरच्या अंदाजी वसुलाला म्हणत ‘जमा’ आणि प्रत्यक्ष हाती पडणाऱ्या रकमेला ‘हासिल’. दख्खनेत लढाया लांबल्या, शेतं ओस पडली. त्यातच मराठ्यांची पथकं त्याच गावांतून चौथाई नेऊ लागली. जमा कागदावर तशीच राहिली, हासिल मात्र आटलं. मग सरदार पुरते स्वार ठेवीनासे झाले. हजेरीपटावर फौज मोठी, मैदानात तोकडी.

मराठ्यांची अडचण वेगळी होती. शिवाजी महाराजांचा कटाक्ष रोख पगारावर होता. राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीला गेले तेव्हा तेवढा खजिनाच उरला नव्हता. इकडे कारभार पाहणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या काळात सरदारांना वतनं आणि सरंजाम देण्याची वाट धरली गेली. मुलूख सोडवा, त्यावर फौज पोसा, असा हा व्यवहार. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या फौजा मध्यवर्ती खजिन्याची वाट न पाहता दूरदूर धावू शकल्या. १६९५ मध्ये कर्नाटकात दोड्डेरीला संताजींनी कासिमखानाला कोंडलं, तेव्हा गढीतल्या मोगलांना उपासमारीनंच टेकीला आणलं.

पण या सोयीचीही किंमत होती. ज्याचं उत्पन्न स्वतंत्र, त्याला हुकमात ठेवणं कठीण. संताजींचं छत्रपतींशी आणि धनाजींशी बिनसलं आणि १६९७ मध्ये ते मारले गेले. त्यामागे मानापमानाचीही कारणं होती. पण सरदारांना आवरण्याचा हा प्रश्न पुढे पेशव्यांच्याही वाट्याला आला.

औरंगजेब १६९९ मध्ये ब्रह्मपुरीहून किल्ले घ्यायला निघाला. किल्ले घेतले, मराठे संपले नाहीत. १७०७ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तो वारला.

तेव्हा राज्य खेळातलं असो की खरं, फौजा मोजण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. तिचा दाणागोटा कुठून येतो? आणि तो देणाऱ्याचं ती ऐकते का? पहिल्या प्रश्नानं बादशहाला दमवलं, दुसऱ्यानं मराठ्यांना.