स्वभावाची सोयरीक

भालकी आणि औराद या तालुक्यांच्या मुलखातून वाहणाऱ्या मांजरेच्या काठी पावसाळ्याच्या तोंडी बाभळींना सुगरणीची अर्धवट विणलेली घरटी लोंबू लागतात आणि त्यांना बिलगून पिवळ्या माथ्याचे नर, येणाऱ्या मादीस आपल्या मिळकतीचा दाखला द्यावा तसे, पंख फडफडवीत राहतात. सलीम अली यांनी 1930 च्या सुमारास अलिबागेजवळील किहीम येथे या पक्ष्याचे निरीक्षण करून दाखविले की, मादी घरटे पारखून पसंत करते, नर ते पुरे करतो आणि लवकरच दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या उद्योगास लागतो. उबवणीचा व संगोपनाचा बहुतेक भार एकटीवरच येणार असल्याने, तिने नराच्या प्रकृतीपेक्षा त्याच्या बांधकामाकडे व त्याच्या जागेकडे पाहावे, हे मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

त्याच शिवारातील टिटवीचा संसार मात्र निराळा. उघड्या जमिनीवरची अंडी नर-मादी पाळीपाळीने उबवितात, वैशाखाच्या काहिलीत पोटाची पिसे भिजवून आणून ती निववितात आणि कुत्रे जवळ आले की दोघेही आकांत मांडून त्याला भलतीकडे नेतात. जिथे असा भार वाटून घ्यावयाचा, तिथे जोडीदार संकटात कसा वागतो हे रूपाहून मोलाचे.

पशुपक्ष्यांतही व्यक्तिपरत्वे स्थिर स्वभाव असतो, हे आता निर्विवाद आहे. आपल्याकडील रामगंगा या लहान पक्ष्याच्या भावकीतील पक्ष्यांना नेदरलँड्समधील संशोधकांनी कृत्रिम झाडे मांडलेल्या खोलीत सोडून कोण धिटाईने हिंडतो आणि कोण सावधपणे, हे नोंदले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोघेही धीट किंवा दोघेही सावध असलेल्या जोड्यांची पिले अधिक सुदृढ आढळली. त्याहून मर्मग्राही प्रयोग जर्मनीत झेब्रा फिंच पक्ष्यांवर झाला: माद्यांना प्रथम आपापला नर निवडू दिला, नंतर निम्म्या जोड्या मोडून इतरांशी जबरीने लावून दिल्या. स्वेच्छेने जुळलेल्या जोड्यांची जगलेली पिले 37 टक्क्यांनी अधिक भरली. विशेष हे की, साऱ्या माद्या एकाच देखण्या नरावर भाळल्या नव्हत्या. जिची तिची पसंती निराळी होती.

दक्षिण महासागरातील भटक्या अल्बट्रॉसांत तर बुजऱ्या नरांच्या जोड्या अधिक मोडतात, असे 2022 साली आढळले. प्रतिस्पर्धी आला असता ते झगडा टाळून बाजूस होत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे.

भालकीच्या एखाद्या शाळामास्तरांनी गावच्या टिटव्या ओळखून, धिटाईचे माप म्हणून माणूस किती पावलांवर येताच कोणती उठते आणि तिचा जोडीदार कधी उठतो, एवढे जरी चार हंगाम वहीत टिपले, तरी या विषयात मांजराकाठची मोलाची भर पडेल.