लपायची चांदी, दिसायची चांदी

नदीतल्या माशाची चांदी तो दिसावा म्हणून नसते, दिसू नये म्हणून असते. गळाला लावायचा खोटा मासा रंगवणाऱ्याने एवढं मनात पक्कं केलं की त्याच्या निम्म्या अडचणी सुटतात. हौशी मंडळी या माशाला सरसकट ‘ल्यूर’ म्हणतात. वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेकाठी हिंडताना मला या लाकडी माशांचा नाद लागला, आणि त्यातही त्यांच्या अंगावरच्या झिलईचा. झिलईचा शोध घेता घेता मी रंगाच्या डब्यांपासून बराच लांब, एका जुन्या मत्स्यसूचीपाशी आणि एका युरोपीय माशाच्या खवल्यापाशी जाऊन पोचलो.

गळाची परंपरा आपल्या मुलखाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे. त्याचा बाप सहावा विक्रमादित्य कऱ्हाडच्या शिलाहारांचा जावई होता, म्हणजे राजाचा हा छंद आपल्या कृष्णा-कोयनेच्या दारातलाच. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणावर सविस्तर लिहिलं. पण त्यातला भर आहे तो खाऊ घालायच्या आमिषावर. धातूचा चमचा पाण्यात फिरवून माशाला फसवायचं तंत्र अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएलने १८५२ साली पेटंट केलं. ते हिंदुस्थानात आल्यावर महाशीर माशाच्या शिकारीत रुळलं. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ हे १८७३ सालचं पुस्तक त्या काळच्या गळवाल्यांची पोथीच होती.

मला मात्र थॉमसपेक्षा विल्यम हेन्री साइक्स जवळचा वाटतो. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढलेला हा कंपनी सरकारचा फौजी पुढे मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी झाला आणि दख्खन पालथी घालू लागला. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, १८४१ साली त्यांचा चित्रांसह विस्तार छापला. त्याचे मासे मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातल्या नद्यांमधले, म्हणजे शेवटी कृष्णेच्याच कुटुंबातले. ही यादी वाचताना लॅटिन पोशाखातली ओळखीची माणसं भेटतात: खुद्री, मुसुल्ला, कोलस, बोग्गुट, फुलुंगी. आज शास्त्र ज्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतं तो दख्खनचा महाशीर इथेच बारशाला बसला. जाळं टाकणाऱ्यांनी सांगितलेली नावं साइक्सने जशीच्या तशी शास्त्रात नेली, पण सांगणाऱ्यांची नावं मात्र शास्त्रात गेली नाहीत. जगभरच्या मत्स्यसूचींत आजही आपल्या नदीकाठची बोली वावरते, तिचं श्रेय मी त्या अनामिकांना साइक्सच्या आधी देतो.

त्याच यादीत ‘चेला’ या गटाखाली ‘बालुकी’ आणि ‘अलकुटी’ हे दोन लहान मासे आहेत. अंगाने चपटे, पोटाला सुरीसारखी धार, कुशी लख्ख चंदेरी. मोठ्या माशांचं हे रोजचं खाणं. ल्यूर बनवणाऱ्याला नक्कल करायची असते ती यांच्यासारख्यांची.

आता या कुशीवरची चांदी म्हणजे काय? तिच्यात चांदीचा कणही नसतो. ग्वानिन नावाच्या द्रव्याचे पातळ, पारदर्शक स्फटिक थरावर थर रचलेले असतात. एकेक स्फटिक मिलिमीटरच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाएवढा जाड. ग्वानिनचा अपवर्तनांक सुमारे १.८३ आणि मधल्या पाणीदार पेशीद्रवाचा १.३३ च्या आसपास, त्यामुळे प्रत्येक थरावरून थोडा थोडा उजेड परततो आणि सगळा मिळून आरसा होतो. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जपमाळा करणाऱ्या जाकँ नावाच्या कारागिराने ‘ब्लीक’ या युरोपीय माशाच्या खवल्यांतून याच स्फटिकांचा लगदा काढला आणि काचेच्या मण्यांना आतून लावून खोटे मोती केले. थोड्याशा लगद्यासाठी हजारो मासे खपत. हा ब्लीक आपल्या अलकुटीच्या नात्यातला, दिसायलाही तसाच.

१९६५ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेत एरिक डेंटन आणि निकोल यांनी अभ्यासाला हाच ब्लीक घेतला. त्यांना आढळलं, की माशाचं अंग गोलाकार असलं तरी कुशीतले स्फटिक अंगाच्या वळणाप्रमाणे कलत नाहीत, ते पाण्यात उभेच राहतात. पाण्यात सगळ्या बाजूंनी येणारा उजेड वरून जास्त आणि खालून कमी असतो, पण आडव्या दिशेला सगळीकडे जवळपास सारखा. त्यामुळे उभ्या आरशात पलीकडच्या पाण्यासारखंच पाणी दिसतं आणि मासा नाहीसा होतो. दुसरा शोध मला जास्त मोलाचा वाटतो. एकेका खवल्याचा एक भाग तांबूस, दुसरा पिवळसर, तिसरा निळसर उजेड परतवतो. खवले एकमेकांवर चढलेले असतात म्हणून सगळ्या रंगांची बेरीज चंदेरी होते.

मासा सरळ पोहतो तोवर ही जादू टिकते. तो जखमी झाला, कलंडला, की उभे आरसे तिरके होतात, वरचा उजेड पकडतात आणि क्षणभर लखकन चमक उठते. शिकारी मासा त्या चमकेवर धावतो. खोट्या माशाने विकायची असते ती हीच कलंडण्याची चमक, आणि तीही थांबून थांबून.

म्हणून नखशिखांत क्रोम केलेले बाजारातले ल्यूर मला पटत नाहीत. पाठ काळपट हिरवी हवी, पोट पांढरं, आरसा फक्त कुशीवर. डब्यातल्या क्रोम स्प्रेची खोड जाणकारांना ठाऊक असते. त्यातले ॲल्युमिनियमचे पापुद्रे रंगाच्या पृष्ठभागावर तरंगून सपाट बसतात तेव्हा आरसा होतो. वरून क्लिअर कोट मारला की ते पापुद्रे त्यात भिजून विस्कटतात आणि आरशाची राख होते. त्यापेक्षा फॉइल बरं. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ च्या सुमारास बुचाचा मासा कोरून त्याला चॉकलेटच्या वेष्टणाची चंदेरी पन्नी गुंडाळली आणि लॅकर परवडेना म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर लेप दिला. गरिबीतून निघालेली ही रीत आजही मोडीत निघालेली नाही.

माझी पद्धत तिच्याच वळणाची. हलकं लाकूड कोरायचं, सीलर लावून काचपेपरने गुळगुळीत करायचं. एसीच्या डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची टेप कुशीच्या आकारात कापून चिकटवायची आणि चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत घासत न्यायची. एक जरी सुरकुती राहिली तरी तिथून पाणी शिरतं. बारीक जाळी दाबून खवले उठवायचे. मग डेंटनची शिकवण: सगळीकडे एकच चंदेरी न ठेवता मोतिया रंगाचे अगदी पातळ हात द्यायचे, वर निळसर, मध्ये गुलाबी, खाली पिवळट. शेवटी दोन भागांचं इपॉक्सी, आणि ते सुकेपर्यंत मासा मंद मोटरवर फिरत ठेवायचा, म्हणजे ओघळ येत नाहीत. साताऱ्याच्या पावसाळी हवेत लॅकर दुधाळ होतो, म्हणून लॅकरचं काम दिवाळीनंतर काढावं. पितळी चमचा वापरणाऱ्याने कल्हईचा विचार जरूर करावा. तापलेल्या धातूवर नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील क्रोमइतकं झगमगत नाही, पण त्याची मऊ पांढरी चमक स्वच्छ पाण्यात मला जास्त खरी वाटते. गढूळ पुराच्या पाण्यात तर कुठलीच झिलई लांब दिसत नाही. तिथे पांढरा किंवा पिवळा साधा रंगच चालतो.

पण स्वच्छ पाणी आहे कुठे? मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. ज्या कुशींची नक्कल करायला आम्ही रात्री घालवतो, त्या उलट्या होऊन काठाला लागल्या. दुसरीकडे लोणावळ्याजवळ वळवणच्या टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशिराची कृत्रिम पैदास झाली आणि लाखो पिल्लं देशभर गेली. पण तीच पिल्लं कावेरीत सोडल्याने तिथल्या मूळच्या महाशिरावर संकट आलं असं अभ्यासक सांगतात. प्रत्येक नदीचा मासा त्या नदीचाच असतो, हे साइक्सच्या यादीने शिकवायला हवं होतं.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या कोयनेच्या मत्स्यसूचीत खुद्री आहे. म्हणजे साताऱ्याच्या पाण्यात तो अजून आहे. त्याच्यासाठी ल्यूर रंगवायचा तर परदेशी सार्डिनचा नमुना ठेवून द्यावा आणि आपल्या बालुकीचा, अलकुटीचा रंग घ्यावा. गळ एकच लावावा आणि त्याच्या टोकाला उलटा दात नसावा, लागलेला महाशीर पाण्यातच सोडवावा. आणि नदीत कारखान्यांची मळी सोडली गेली की गळवाल्यांनी भोई बांधवांबरोबर तक्रारीला सगळ्यांत आधी उभं राहावं. अलकुटी उरली नाही तर तिची नक्कल कितीही सुबक झाली तरी तिच्यावर धावून येणारं कुणी उरणार नाही.