राजीनाम्यानंतरचा हिशेब

बदलीवर निघालेला शिक्षक जडसंग्रह नोंदवहीवर सही करतो, कपाटाच्या किल्ल्या सोपवितो आणि ना-देय दाखला घेऊनच शाळेबाहेर पडतो. चार्ज देण्याची ही रीत जुनी आहे. खाजगी कंपन्यांत मात्र तिचे स्वरूप पालटले आहे. किल्ली परत केली की ती देणाऱ्याकडे उरत नाही. ग्राहकांच्या यादीची नक्कल मात्र मूळ यादी जागच्या जागी असतानाही बाहेर जाऊ शकते. मालकाची धास्ती, म्हणूनच, अगदीच निराधार नाही.

कायद्यानेही ती ओळखली आहे. नोकरी संपल्यावर कंपनीचे निवासस्थान अडवून धरणारा माजी कर्मचारीही दंडास पात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने शिपिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात १९८७ साली स्पष्ट केले. तीच तरतूद आज २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ४५२ मध्ये आहे. परवानगीवाचून संगणकातील माहिती उतरवून घेणाऱ्यावर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने भरपाईची जबाबदारी टाकली आहे.

परंतु हिशेबाला दुसरी बाजूही असते. कंपनीची यादी कंपनीची. वर्षानुवर्षांच्या कामातून अंगी बाणलेले कौशल्य कर्मचाऱ्याचे. नोकरी सुटल्यावर त्याला त्याच व्यवसायात जाण्यास मज्जाव करणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेने राजीनामा देणाऱ्याचे वेतनही दोन कामकाजी दिवसांत चुकते करावयास सांगितले आहे. कलम ४५२ मध्ये २०२० साली झालेली दुरुस्ती तर अधिक बोलकी आहे: भविष्यनिर्वाह निधी वा उपदानाची रक्कम थकविणाऱ्या कंपनीला निवासस्थानापायी माजी कर्मचाऱ्यास तुरुंगात धाडता येत नाही.

व्यवहारात मात्र ‘संगणक मिळाला नाही’ एवढ्या सबबीवर कार्यमुक्तीचे पत्र महिनोन्‌महिने अडते. महिनाभराचा विलंब कंपनीला जाणवतही नाही. पगारावर घर चालविणाऱ्याची नवी नोकरी त्यात हातची जाते. उभय पक्षांच्या सौदाशक्तीतील ही तफावत सदिच्छेने भरून निघणारी नाही. परत केलेल्या वस्तूंची व कागदपत्रांची यादी, संगणकप्रवेश बंद केल्याची तारीख आणि देय रकमेचा तपशील एकाच कागदावर यावा. त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि एकेक प्रत दोघांकडे राहावी. चार्ज द्यावयाचा असतो, तसा तो घेतल्याची पोचही द्यावयाची असते.